वेशीबाहेरचा कायदा

फादर डेमियन यांचे नाव ठाऊक नाही असे कॅथलिक घर आपल्याकडे विरळाच. बेल्जियममधील त्रेमेलो या गावी १८४० साली ते जन्मले, पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर जाऊन तेथे धर्मगुरू झाले आणि १० मे १८७३ रोजी मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत त्यांनी पाऊल ठेवले. सोळा वर्षे त्यांनी रुग्णांच्या जखमा धुतल्या, त्यांची घरे उभारली, त्यांच्या शवपेट्या स्वतःच्या हातांनी तयार केल्या. अखेर त्याच रोगाने ग्रासले जाऊन १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांनी देह ठेवला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

ही कथा आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्या कथेत आणखी एक पात्र दिसते, ज्याचा उल्लेख प्रवचनांतून क्वचितच होतो. ते पात्र म्हणजे कायदा. मोलोकाईवर ते शेकडो रुग्ण आले कसे? रोगाने त्यांना तेथे नेले नव्हते. रोग तर त्यांना आपल्या घरी, आपल्या माणसांत असतानाच झाला होता. घरातून उचलून त्या बेटावर नेऊन सोडले ते कायद्याने.

लोकभाषेत ज्याला महारोग किंवा रक्तपिती म्हणत आले, त्या रोगाचा इतिहास सेवेचा इतिहास म्हणून पुष्कळ लिहिला गेला आहे. तोच इतिहास कायद्याच्या अंगाने वाचला, तर एक वेगळीच वाट डोळ्यांपुढे येते. ही वाट मोलोकाईहून निघते, मुंबईच्या माटुंग्याला येते आणि शेवटी आपल्या, म्हणजे भारतीय ख्रिस्ती माणसांच्या, विवाहविषयक कायद्याच्या पानावर येऊन थांबते. ती वाट चालून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

राजाज्ञा आणि बेट

३ जानेवारी १८६५ रोजी हवाईचे राजे पाचवे कामेहामेहा यांनी कुष्ठरोगाच्या प्रसारास आळा घालण्यासाठी केलेल्या कायद्यावर सही केली. रोगाचा संशय आलेल्या कोणाही माणसास पकडून तपासणीसाठी आणावे आणि रोग निश्चित झाल्यास त्याला इतरांपासून कायमचे दूर ठेवावे, असा अधिकार या कायद्याने आरोग्य मंडळाला मिळाला. तीन बाजूंनी खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूस सरळ उभा कडा अशी मोलोकाईची एक चिंचोळी भूमी त्यासाठी निवडण्यात आली. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिले बारा रुग्ण तेथे उतरवले गेले. पुढल्या शंभर वर्षांत सुमारे ८,००० माणसे या वाटेने गेली. त्यांतील बहुतेक जण त्या बेटांचे मूळ रहिवासी होते.

कायद्याने माणसांना दूर नेण्याची व्यवस्था चोख केली. ती माणसे तेथे जगणार कशी, याचा विचार मात्र अपुरा होता. रुग्णांनी शेती करून आपले पोट भरावे अशी मंडळाची अपेक्षा होती. ज्यांच्या हातापायांची संवेदना गेली आहे आणि ज्यांना ताप व जखमांनी जर्जर केले आहे, त्यांनी नांगर कसा धरावा, हा प्रश्न होनोलुलूच्या कचेरीत बसलेल्यांना पडला नसावा. फादर डेमियन यांच्या कार्याचा एक मोठा भाग या प्रश्नाशी झुंजण्यात गेला. त्यांनी मंडळाकडे घरांसाठी लाकूड मागितले, पिण्याच्या पाण्यासाठी नळ मागितले, कपड्यांसाठी व अन्नासाठी पुरेशी तरतूद मागितली आणि ती मिळेपर्यंत मागतच राहिले. अधिकाऱ्यांना ते हट्टी वाटत. जखमा धुणारे डेमियन आपल्याला ठाऊक आहेत. सरकारदरबारी तगादा लावणारे डेमियनही तेवढेच खरे होते, आणि वसाहतीत पाणी आले ते त्या तगाद्यामुळे.

कायद्याची कठोरता त्यांच्याही वाट्याला आली. वसाहतीत राहणाऱ्याने बाहेर जाऊ नये, हा नियम काही काळ त्यांच्यावरही लादला गेला. त्यांच्या संघाचे वरिष्ठ जहाजाने बेटाजवळ आले असता कप्तानाने डेमियन यांना जहाजावर चढू दिले नाही, तेव्हा खाली होडीत उभे राहून त्यांनी मोठ्याने आपले पापनिवेदन केले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. १८८८ मध्ये मदर मारियान कोप आपल्या धर्मभगिनींसह तेथे आल्या आणि डेमियन यांच्या पश्चात त्यांनी तीस वर्षांच्या आसपास ती सेवा चालवली. २०१२ मध्ये त्यांनाही संतपद देण्यात आले.

मुंबईतील पडसाद

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. डेमियन मोलोकाईला पोहोचले त्याच १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे डॉ. हान्सेन यांना या रोगाचा जंतू आढळला. त्याच सुमारास मुंबई सरकारच्या सेवेतील एक डॉक्टर नॉर्वेतील रुग्णालयांचा अभ्यास करण्यासाठी गेले होते. त्यांचे नाव हेन्री व्हँडाइक कार्टर. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत आजही वापरात असलेल्या ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील मूळ आकृत्या यांनीच काढल्या. पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत, काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते, आणि या प्रांतातील कुष्ठरोगाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता.

नॉर्वेत त्यांनी पाहिली ती पद्धत मोलोकाईपेक्षा निराळी होती. तेथे १८५६ पासून देशातील प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली जात असे. रुग्णालये होती, त्यांत डॉक्टर होते, आणि घरी स्वतंत्र खोलीची सोय असलेल्या रुग्णाला घरीच राहण्याची मुभा १८८५ च्या कायद्यातही कायम राहिली. मुंबई इलाख्यातही कायदा व्हावा, रुग्णांसाठी संस्था उघडाव्यात, असा आग्रह कार्टर यांनी धरला. परंतु नोंदणी, दवाखाने आणि डॉक्टर यांवर लागणारा खर्च करण्याची इंग्रज सरकारची तयारी नव्हती. नॉर्वेच्या पद्धतीतील सेवेचा भाग महाग होता, वेगळे काढण्याचा भाग स्वस्त. हिंदुस्थानात पुढे काय आले असेल, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

१८८९ मध्ये डेमियन यांच्या निधनाची बातमी युरोपात पोहोचली आणि एकच खळबळ उडाली. एका सुदृढ गोऱ्या धर्मगुरूला हा रोग होऊ शकतो, तर साम्राज्यात कोण सुरक्षित आहे, असे भय पसरले. लंडनमध्ये वेल्सच्या युवराजांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय कुष्ठरोग निधी उभारला गेला आणि त्या निधीने हिंदुस्थानात चौकशीसाठी एक आयोग पाठवला. ज्यांच्या जीवनाने करुणा शिकवली, त्यांच्याच मृत्यूने भीतीला बळ मिळावे, हा इतिहासातील एक दुःखद योगायोग होय.

मुंबई शहरात त्या वेळी निराधार कुष्ठरुग्ण धर्मशाळांतून व रस्त्यांवर दिवस काढीत. त्यांना हटवावे अशी ओरड वाढली तेव्हा महापालिकेचे आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांनी पुढाकार घेतला. महापालिकेच्या कायद्याने आयुक्ताला जे अधिकार दिले होते, ते वापरून आणि लोकांकडून देणग्या गोळा करून १८९० मध्ये माटुंग्यास त्यांनी निराधार कुष्ठरुग्णांचे आश्रयस्थान उघडले. वडाळ्याचे आजचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. हे ॲक्वर्थ मराठीचे अभ्यासक होते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी जुने मराठी पोवाडे संग्रहित करून छापले आणि काहींचे इंग्रजीत पद्यरूपांतरही केले. ज्या अधिकाऱ्याने मराठी शाहिरांचा आवाज जपला, त्याच अधिकाऱ्याच्या हुकमाने कित्येक मराठी माणसे भिंतीआड गेली. त्या माणसांना तेथे निवारा, अन्न आणि उपचार मिळाले, हेही तितकेच खरे. या इतिहासात केवळ पांढरे आणि केवळ काळे असे फार थोडे आहे.

भिकाऱ्यासाठी कायदा

निधीने पाठवलेल्या आयोगाने १८९०-९१ मध्ये देशभर हिंडून चौकशी केली. हा रोग संसर्गाने होत असला, तरी संसर्गाचा धोका इतका अल्प आहे की सक्तीने सर्वांना डांबून ठेवण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. रुग्णांनी अन्नपदार्थ विकण्यावर आणि शहरांत भीक मागण्यावर मात्र बंधने असावीत, असे आयोगाने सुचवले. निधीच्या लंडनमधील समितीला हा निष्कर्ष पटला नाही. १८९७ मध्ये बर्लिनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने विलगीकरणाची बाजू उचलून धरली. दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, हिंदुस्थान सरकारने ‘लेपर्स ॲक्ट’ संमत केला.

या कायद्याचे कलमवार वाचन करणाऱ्याला एक गोष्ट लगेच खटकते. कायद्याचा मुख्य रोख सरसकट कुष्ठरुग्णांवर नव्हता. तो ‘निर्धन कुष्ठरुग्णा’वर होता. जो उघड्यावर भीक मागतो, आपल्या जखमा दाखवून दान मागतो किंवा ज्याला उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नाही, असा रुग्ण पोलिसाने वॉरंटावाचून पकडावा, डॉक्टरने तपासावा आणि दंडाधिकाऱ्याने त्याला आश्रयस्थानात पाठवावे, अशी ही योजना होती. पैसेवाल्या घरातील रुग्ण आपल्या माडीवर सुखेनैव राहू शकत होता. म्हणजे जंतू तोच, जखम तीच. मात्र गुन्हा ठरला तो दारिद्र्याचा.

दुसऱ्या एका कलमाने सरकारला असा अधिकार दिला की अधिसूचित प्रदेशात कुष्ठरुग्णांना विक्रीसाठी अन्नपदार्थ, पेये, औषधे वा कपडे तयार करण्यास अथवा विकण्यास मनाई करावी. सार्वजनिक विहिरीवर व तळ्यावर स्नान करण्यास, कपडे धुण्यास, पाणी भरण्यास मनाई करावी. आगगाडी वगळता भाड्याच्या सार्वजनिक वाहनात बसण्यास मनाई करावी. आज्ञा मोडणाऱ्यास २० रुपयांपर्यंत दंड होता. सार्वजनिक विहिरीची मनाई म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. शतकानुशतके रूढीने जे चालवले होते, त्याला येथे सरकारी कायद्याची मोहर मिळाली.

मूळ कायद्यात जखमा झालेला रुग्ण तेवढाच ‘कुष्ठरोगी’ या व्याख्येत येत असे. १९२० च्या दुरुस्तीने ती मर्यादा काढून टाकली आणि कोणत्याही प्रकारच्या, कोणत्याही अवस्थेतील रुग्ण कायद्याच्या कक्षेत आला. याचा आरोग्यावर काय परिणाम झाला असेल, ते समजण्यासाठी या रोगाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. हा रोग फार सावकाश वाढतो. संसर्गापासून पहिल्या खुणेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी कधी वीस वर्षेही जातात. सुरुवात होते ती कातडीवरच्या एका फिकट, बधिर चट्ट्याने. तो दुखत नाही, खाजत नाही. नेमक्या याच वेळी रुग्ण डॉक्टरकडे गेला, तर पुढचे सारे टळते. परंतु चट्टा दाखवला की धंदा जाईल, पाणवठा बंद होईल, पोलीस दारात येईल, अशी धास्ती असेल, तर तो चट्टा सदऱ्याच्या बाहीखाली लपतो. लपवण्यात वर्षे जातात, मज्जातंतू मरतात, बोटे झडतात आणि तोवर घरातील मुलांनाही संसर्ग पोहोचतो. रोगाचा प्रसार थांबवण्यासाठी केलेला कायदा अशा रीतीने रोगाला लपण्याची जागा करून देतो.

औषध आले

१९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील रुग्णालयात, जेथे १८९६ पासून धर्मभगिनी शुश्रूषा करीत होत्या, प्रोमिन हे औषध प्रथम वापरले गेले आणि कित्येक शतकांत पहिल्यांदाच हा रोग औषधाला शरण आला. त्या पाठोपाठ डॅप्सोन ही स्वस्त गोळी आली.

महाराष्ट्रात या काळात माणुसकीचे एक दालन उघडत होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कार्य आरंभले. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठपीडित पंडित परचुरे शास्त्री यांची स्वतः शुश्रूषा करीत. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन आणि वरोऱ्यास बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. या नावांचा आपण यथार्थ अभिमान बाळगतो. धोरणाच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे, पण कमी परिचित असे कार्य १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने केले. डॉ. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिष्ठानाच्या कार्यकर्त्यांनी रुग्ण आपल्याकडे येण्याची वाट न पाहता गावोगाव, घरोघर जाऊन पाहणी केली, लोकांना रोगाची माहिती दिली आणि रुग्णाला त्याच्या घरीच ठेवून उपचार केले. पाहणी, शिक्षण आणि उपचार या तीन पायऱ्यांची ही पद्धत देशाच्या १९५५ च्या कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाला पुढे मार्गदर्शक ठरली. भिंतीची गरज नाही, हे वर्ध्याच्या खेड्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन या औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. बहुविध औषधोपचार या नावाने तो ओळखला जातो. आज सौम्य प्रकारात सहा महिने आणि तीव्र प्रकारात बारा महिने औषध घेतले की रुग्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच त्याच्यापासून दुसऱ्याला संसर्ग होण्याचे थांबते. भारतात १९८३ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. हा उपचार जेथे सर्वप्रथम पोहोचला, त्या जिल्ह्यांत वर्धा होता. १९९५ पासून ही औषधे जगभर विनामूल्य पुरवली जात आहेत. १९८१ मध्ये देशात दर दहा हजार लोकांमागे ५७ हून अधिक रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण एकाहून खाली आले. श्रीमंताला आणि गरिबाला एकच औषध, तेही फुकट, हे धोरण किती मोठे यश देऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

कायदा मागे राहिला

औषध पुढे गेले. कायदे कोठे होते? हवाईत प्रभावी औषध १९४६ मध्ये पोहोचले, सक्तीच्या विलगीकरणाचे धोरण मात्र १९६९ मध्ये संपले. मधली तेवीस वर्षे बरी होऊ शकणारी माणसे बेटावरच होती. जपानने तर औषध हाती असताना १९५३ मध्ये विलगीकरणाचा नवा कायदा केला आणि तो रद्द होण्यास १९९६ साल उजाडले. २००१ मध्ये तेथील एका न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि सरकारला रुग्णांची क्षमा मागावी लागली.

भारताची स्थिती याहून निराळी नव्हती. १८९८ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही केंद्राच्या कायदेसंग्रहात राहिला. आपल्या राज्यातील १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यातही कुष्ठरुग्णांसाठी वेगळे कलम होते. काही राज्यांच्या नगरपालिका व पंचायत कायद्यांनी कुष्ठरुग्णास निवडणुकीस अपात्र ठरवले होते. २००८ मध्ये ओडिशातील अशाच एका तरतुदीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली, मात्र ती ठेवण्याची आवश्यकता उरली आहे का, याचा विचार विधिमंडळाने करावा, असेही सुचवले.

आणि आता आपल्या स्वतःच्या पानाकडे येऊ. ख्रिस्ती माणसांच्या घटस्फोटासंबंधीचा कायदा १८६९ चा. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार विवाह अविच्छेद्य आहे, हे खरे. तरी देशाचा दिवाणी कायदा सर्व ख्रिस्ती नागरिकांना लागू होतो आणि त्यातील प्रत्येक शब्द समाजाच्या दृष्टिकोनाला वळण लावतो. या जुन्या कायद्यात पतीला केवळ व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र व्यभिचारासह क्रौर्य वा परित्यागही सिद्ध करावा लागे. हा अन्याय दूर व्हावा म्हणून ख्रिस्ती स्त्रियांनी दीर्घकाळ मागणी केली आणि २००१ मध्ये दुरुस्ती होऊन स्त्रीपुरुषांना समान कारणे उपलब्ध झाली. ती सुधारणा स्वागतार्हच होती. परंतु त्या नव्या कारणांच्या यादीत एक कारण असे होते की जोडीदारास दोन वर्षे ‘तीव्र व असाध्य’ स्वरूपाचा कुष्ठरोग असल्यास घटस्फोट मागता येईल.

१८६९ च्या मूळ कायद्यात हे कारण नव्हते. औषध नसलेल्या काळात ते लिहिले गेले नाही. रोग पूर्ण बरा होऊ लागल्याला वीस वर्षे उलटल्यानंतर ते लिहिले गेले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आणि इतर वैयक्तिक कायद्यांत असलेली शब्दरचना येथेही उतरली असावी, असे दिसते. ‘असाध्य’ हा शब्द वैद्यकशास्त्राने पुसून टाकला होता. कायद्याने तो नव्याने कोरला.

एखाद्या विवाहितेच्या पाठीवर फिकट चट्टा उमटला आहे, अशी कल्पना करा. तो दाखवला तर उपचार फुकट आहेत, हे तिला आरोग्य केंद्रातील भिंतीवरचे पत्रक सांगते. तो दाखवला तर संसार मोडू शकतो, हे तिला कायदा सांगतो. ती कोणाचे ऐकेल? आरोग्यातील विषमता औषधाच्या टंचाईने निर्माण होते तशी औषधापर्यंत जाण्याच्या भीतीनेही निर्माण होते. ही भीती सर्वांत जास्त ज्यांच्या पदरी असते, त्या स्त्रिया आणि गरीब माणसे असतात.

भिंत उतरवताना

हे कायदे उतरवण्याची मागणी ख्रिस्ती जगातून पूर्वीच उठली होती. १९५६ मध्ये माल्टाच्या लष्करी संघाने रोम येथे भरवलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कुष्ठरुग्णांविषयीचे भेदभावाचे कायदे रद्द करावेत, असा ठराव झाला होता. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने याच आशयाची तत्त्वे स्वीकारली. भारतात न्या. अ. प्र. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने एप्रिल २०१५ मध्ये आपला २५६ वा अहवाल या एकाच विषयाला वाहिला आणि भेदभाव नष्ट करणाऱ्या कायद्याचा मसुदाही जोडला.

त्यानंतर पावले पडली. २०१६ मध्ये, म्हणजे प्रभावी एकत्रित उपचार आल्यानंतर पस्तीस वर्षांनी, १८९८ चा कायदा केंद्राच्या संग्रहातून रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठमुक्त व्यक्तींना संरक्षण व सरकारी नोकरीतील राखीव जागांत स्थान दिले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना उपचार, जनजागृती आणि पुनर्वसन यांविषयी सविस्तर निर्देश दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये वैयक्तिक कायद्यांतील दुरुस्ती संमत झाली आणि आपल्या १८६९ च्या कायद्यासह पाच कायद्यांतून घटस्फोटाचे किंवा विभक्त होण्याचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख वगळण्यात आला. आपल्या कायद्याच्या पानावर तो शब्द अठरा वर्षे राहिला.

तरीही काम संपलेले नाही. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केंद्राच्या व राज्यांच्या अशा ९७ कायदेशीर तरतुदी दाखवून दिल्या. दुसरीकडे, २००५ च्या यशानंतर रोग संपला असा समज पसरला, लक्ष ओसरले, आणि रुग्ण मात्र मिळतच राहिले. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. महाराष्ट्रात पालघर, गडचिरोली, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांच्या आदिवासी पाड्यांवर हे प्रमाण अधिक राहिले आहे. म्हणजे रोग आजही तेथेच मुक्काम करतो, जेथे दारिद्र्य आहे आणि जेथे कायद्याचे संरक्षण सर्वांत उशिरा पोहोचते.

पवित्र शास्त्रातील एक तपशील येथे विचार करण्यासारखा आहे. लेवीय पुस्तकातील नियमांप्रमाणे कोणाला वेशीबाहेर काढावे हे याजक ठरवी, आणि बरा झालेल्याला परत कसे घ्यावे याचेही नियम त्याच पुस्तकात, पुढच्याच अध्यायात आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात येशू कुष्ठरोग्याला स्पर्श करून बरे करतो. देह शुद्ध झाल्यावर तो त्या माणसाला थेट घरी जाण्यास सांगत नाही. याजकापुढे जाऊन नियमाप्रमाणे विधी करावयास सांगतो, जेणेकरून गावाला त्याची साक्ष पटावी. देह बरा होणे आणि समाजात परत येण्याचा हक्क मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी नियमाचा, अधिकाराचा, दाखल्याचा मार्ग लागतो, हे त्या प्रसंगात स्पष्ट दिसते. आपल्या काळातील डॉक्टरांनी पहिली गोष्ट साधून दिली. दुसरी साधण्याचे काम विधिमंडळांचे आहे, आणि विधिमंडळे नागरिकांच्या मागणीशिवाय क्वचितच हलतात.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आपल्या चर्चमधून कुष्ठरुग्णांसाठी प्रार्थना होते, वर्गणी जमवली जाते. हे चालू राहावेच. त्या रविवारी एखाद्या धर्मग्रामातील वकील वा शिक्षक मंडळींनी आयोगाची ती यादी समोर ठेवून, आपल्या राज्याच्या कायद्यांतील कोणती तरतूद अद्याप उरली आहे एवढे शोधून काढले आणि आपल्या आमदारांना तसे एक पत्र लिहिले, तर तेही मोलोकाईच्या त्या हट्टी धर्मगुरूच्या परंपरेतलेच काम होईल. त्यांनीही पाण्याच्या नळासाठी कितीतरी पत्रे लिहिली होती.